कृत्रिम गुलाब आणि खरी शिंक

१८८६ सालची गोष्ट. अमेरिकेंतील बॉल्टिमोर शहरीं जॉन नोलंड मॅकेन्झी नांवाचे नाक-घशाच्या रोगांचे एक डॉक्टर होते. त्यांच्याकडे एक बाई उपचारासाठीं येत असे. गुलाबाचें फूल जवळ आलें कीं तिला शिंकांवर शिंका येत, नाक गळूं लागे, डोळ्यांची आग होई आणि पुढें धांपहि लागे. तिकडे ह्या विकाराला 'गुलाबाचें पडसें' असेंच नांव पडलें होतें. एके दिवशीं ती येण्यापूर्वीं डॉक्टरांनीं एक गुलाब आडोशाला ठेवून दिला, आणि ती येऊन बसल्यावर तो तिच्यासमोर हातांत धरला. कांहीं मिनिटें लोटतात न लोटतात तोंच तिचें नाक चोंदलें, घसा खवखवूं लागला, शिंका सुरू झाल्या. तेव्हां डॉक्टरांनीं उलगडा केला कीं, हा गुलाब झाडावरचा नाहीं. कुशल कारागिराच्या हातचा तो कृत्रिम गुलाब आहे, आणि त्याची पाकळी न पाकळी आधींच पुसून स्वच्छ केलेली आहे. बाई थक्क झाली.

हा वृत्तान्त त्याच वर्षीं एका वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. त्यावरून झटपट निष्कर्ष काढणारे लोक तेव्हांहि होते आणि आजहि आहेत. फूल खोटें, तेव्हां रोगहि खोटा, असा त्यांचा सरळ हिशेब असतो. परंतु त्या खोलींत खोटें होतें तें फक्त फूल. चोंदलेलें नाक खरें होतें, शिंक खरी होती, घशाची खवखव खरी होती. स्वतः मॅकेन्झी यांनाहि एवढेंच म्हणावयाचें होतें कीं, अशा विकारांत फुलाच्या परागाइतकेंच, किंबहुना कधीं कधीं त्याहूनहि अधिक काम मनांत रुजलेलें साहचर्य करून जातें. रोगी ढोंगी आहे, असा त्याचा अर्थ होत नाहीं.

ह्या प्रयोगाच्या आधीं तेराच वर्षें, म्हणजे १८७३ सालीं, इंग्लंडांतील मँचेस्टर येथें चार्ल्स ब्लॅकली नांवाच्या डॉक्टरांनीं नेमकी दुसरी बाजू सिद्ध केली होती. ब्लॅकली यांना स्वतःलाच गवत फुलण्याच्या दिवसांत होणारें पडसें जडलें होतें. उन्हानें होतें, धुळीनें होतें, असें जो तो सांगे. ब्लॅकली यांनीं निरनिराळ्या झाडांचे व गवतांचे पराग गोळा केले आणि ते स्वतःच्या नाकांत, डोळ्यांत व त्वचेवर ओरखडा काढून त्यावर लावून पाहिले. हवेंत पराग किती तरंगतात हें मोजण्यासाठीं त्यांनीं चिकट द्रव लावलेल्या कांचपट्ट्या पतंगाला बांधून आकाशांत चढविल्या. डोळ्यांना न दिसणारा परागाचा कण धडधाकट माणसाला हैराण करूं शकतो, हें अशा रीतीनें निर्विवाद ठरलें. एका प्रयोगानें पदार्थाचें सामर्थ्य दाखविलें, दुसऱ्यानें कल्पनेचें. दोन्ही प्रयोग खरे होते. त्यांपैकीं एकच खरा मानण्याचा आग्रह धरल्यामुळें पुढें केवढा घोटाळा झाला, ह्याची साक्ष विसाव्या शतकांत पुढें आलेल्या एका व्याधीच्या इतिहासांत मिळते.

ह्या व्याधीला इंग्रजींत 'मल्टिपल केमिकल सेन्सिटिव्हिटी' असें म्हणतात. मराठींत तिला 'बहुविध रासायनिक असहिष्णुता' म्हणतां येईल. इतरांना ज्याचा पत्ताहि लागत नाहीं अशा अल्प प्रमाणांतील द्रव्यांनीं ह्या रोग्यांना त्रास होतो. ताजा तेलरंग, छापखान्याची शाई, अत्तर, कपडे धुण्याची पूड, मोटारीचा धूर, किडे मारण्याचा फवारा, नव्या लांकडी सामानाचा दर्प, अशी त्यांची यादी लांबत जाते. डोकें ठणकतें, छातींत कोंडल्यासारखें होतें, मळमळतें, सांधे दुखतात, आठवण राहत नाहीं, अंगांतलें त्राण जातें. त्या जागेपासून दूर गेलें कीं बरें वाटतें. परत आलें कीं पुन्हां तेंच. हळूहळू रोगी बाजार टाळतो, मग कचेरी टाळतो, लग्नकार्यें टाळतो, आणि शेवटीं स्वतःच्याच घरांतील एका खोलीचा कैदी होऊन बसतो. रक्त तपासलें तर ठीक, छातीचें चित्र काढलें तर ठीक. घरचीं माणसें प्रथम काळजी करतात, नंतर कंटाळतात, आणि अखेरीस शंका घेऊं लागतात. ज्याचें जळतें त्याला कळतें, ही म्हण ह्या रोग्यांइतकी क्वचितच कोणाला लागू पडत असेल.

ह्या रोगाकडे वैद्यकानें कसें पाहिलें हें समजण्यासाठीं 'ॲलर्जी' ह्या शब्दाचा जन्म पाहिला पाहिजे. १९०६ सालीं व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं दोन ग्रीक शब्द जोडून तो बनविला. एखाद्या पदार्थाशीं पूर्वीं संबंध आल्यामुळें शरीराची प्रतिक्रिया बदलणें, एवढाच त्याचा मूळ अर्थ. ती प्रतिक्रिया कोणत्या यंत्रणेनें बदलली, ह्याविषयीं त्या शब्दांत कांहींच बंधन नव्हतें. पुढें १९२१ सालीं जर्मनींत कार्ल प्राउस्निट्झ व हाइन्झ क्युस्टनर ह्या दोघांनीं एक अपूर्व प्रयोग केला. क्युस्टनर यांना मासे सोसत नसत. त्यांच्या रक्ताचा द्राव प्राउस्निट्झ यांनीं स्वतःच्या त्वचेंत टोंचून घेतला आणि दुसऱ्या दिवशीं त्याच जागीं माशाचा अर्क टोंचला. मासे सुखानें खाणाऱ्या त्या माणसाच्या अंगावर तेथें गांधी उठली. रक्तांत वाहणारें कांहीं तरी विशिष्ट द्रव्य ह्या विकाराचें मूळ आहे, हें त्यावरून उघड झालें. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत इशिझाका दांपत्यानें आणि स्वीडनमध्यें योहान्सन व बेनिश यांनीं तें द्रव्यहि शोधून काढलें. ह्या शोधांमुळें ॲलर्जीच्या उपचाराला भक्कम पाया मिळाला यांत संशय नाहीं. पण त्याबरोबर त्या शब्दाभोंवतीं एक भिंतहि उभी राहिली. त्वचेवर गांधी उठली किंवा रक्तांत तें द्रव्य सांपडलें तर ॲलर्जी. नाहीं तर नाहीं. ज्यांच्या तक्रारी ह्या भिंतीबाहेर पडल्या, त्यांना वैद्यकशास्त्रांत घर उरलें नाहीं.

अशा बेघर रोग्यांचा कैवार घेणारा डॉक्टर शिकागो शहरांत निघाला. थेरन रँडॉल्फ हें त्यांचें नांव. योगायोग असा कीं, ज्या वर्षीं 'ॲलर्जी' हा शब्द जन्मला त्याच १९०६ सालीं त्यांचाहि जन्म झाला. मिशिगन विद्यापीठांतून वैद्यकाची पदवी घेऊन त्यांनीं ॲलर्जीतज्ज्ञ म्हणून व्यवसाय मांडला. रोग्याची हकीकत अगदीं तपशिलानें लिहून घेण्याची त्यांना संवय होती. १९५० च्या सुमारास त्यांच्या ध्यानांत येऊं लागलें कीं, कांहीं रोग्यांची प्रकृति खाण्यापिण्यावर अवलंबून नसून जागेवर अवलंबून आहे. कारखान्यांच्या धुरकट टापूंतून प्रवास झाला कीं त्यांचें दुखणें बळावे; मोकळ्या हवेंत गेल्यावर ओसरे. घरांतील गॅसच्या चुलीवर रँडॉल्फ यांचा विशेष रोष होता. ती चूल बाहेर काढल्यावर रोगी सुधारल्याचीं उदाहरणें ते पुनःपुन्हां सांगत. कोळसा, खनिज तेल, वायु यांपासून निघणाऱ्या द्रव्यांचा अल्प पण सततचा मारा हेंच ह्या दुखण्याचें मूळ, असें त्यांचें मत बनलें, आणि १९६२ सालीं तें त्यांनीं ग्रंथरूपानें मांडलें. १९६५ सालीं त्यांच्या पुढाकारानें ह्या विचाराच्या डॉक्टरांची एक संस्था स्थापन झाली. हे लोक आपल्या शास्त्राला 'क्लिनिकल इकॉलॉजी', म्हणजे रोग्याच्या परिसराचें वैद्यक, असें म्हणत.

रँडॉल्फ यांची निदानाची पद्धत मोठी विलक्षण होती. त्यांनीं रुग्णालयांत एक वेगळा विभाग केला. तेथें रंगाचा, सुगंधाचा, प्लॅस्टिकचा, धुराचा संपर्क शक्य तितका वर्ज्य. रोग्याला तेथें ठेवून कांहीं दिवस केवळ शुद्ध पाण्यावर उपवास करावयास लावीत. पहिले दोन-तीन दिवस त्याला अधिकच अस्वस्थ वाटे; मग पुष्कळांचीं लक्षणें निवळत. त्यानंतर एकेक अन्नपदार्थ आणि एकेक द्रव्य परत देऊन काय होतें तें पाहावयाचें. रँडॉल्फ यांचें म्हणणें असें कीं, जो माणूस रोज त्याच धुरांत वावरतो त्याचें शरीर वरवर त्याला सरावलेलें असतें. म्हणून आधीं तो सराव मोडल्याखेरीज खरा अपराधी सांपडत नाहीं. कल्पना तर्कशुद्ध होती. परंतु तिच्यांत एक मोठें वैगुण्य राहिलें. आपल्यापुढें कोणतें द्रव्य ठेवलें आहे हें रोग्याला पुष्कळदां ठाऊक असे, आणि डॉक्टरलाहि ठाऊक असे. मॅकेन्झी यांच्या कृत्रिम गुलाबाचा धडा येथें विसरला गेला. प्रस्थापित वैद्यकवर्गानें रँडॉल्फ यांना जवळ केलें नाहीं. त्यांचें अध्यापनाचें कामहि सुटलें. १९९५ सालीं ते वारले, तोंपर्यंत हजारों रोगी त्यांना तारणहार मानीत होते आणि बरेचसे सहव्यवसायी त्यांना भ्रमिष्ट समजत होते.

ह्या वादाला खरा जोर चढला तो १९७३ सालच्या तेलटंचाईनंतर. इंधन वांचविण्यासाठीं पाश्चात्य देशांत इमारती घट्ट बंद करण्यांत आल्या. खिडक्या उघडेनाशा झाल्या. आंतलीच हवा पुनःपुन्हां फिरूं लागली. अमेरिकेंत दर माणसामागें मिनिटाला ५ घनफूट ताजी हवा किमान पुरे, असें प्रमाण त्या काळांत धरलें गेलें. १९८९ सालीं तें वाढवून १५ घनफूट करावें लागलें. त्याच सुमारास लांकडाचा भुसा व तुकडे चिकटवून केलेले तक्ते, कृत्रिम धाग्याचे गालिचे, भिंतींत भरावयाचा फेस, अशा वस्तूंचा सुळसुळाट झाला. त्यांच्या चिकट द्रव्यांतून फॉर्माल्डिहाइड नांवाचा झोंबणारा वायु सुटतो. म्हणजे एकीकडून वायु वाढला आणि दुसरीकडून वारा बंद झाला. १९८३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनेंहि आजार उत्पन्न करणाऱ्या इमारतींची दखल घेतली. सर्वांत बोलकें उदाहरण घडलें तें वॉशिंग्टन येथें. १९८७-८८ सालीं अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण खात्याच्या मुख्य कचेरींत नवे गालिचे घातले गेले, आणि देशाच्या हवापाण्याची राखण करणाऱ्या त्या खात्याचेच अनेक कर्मचारी डोकेदुखी, धांप व भोंवळ यांनीं बेजार झाले. पुढें कांहींना दुसरे दर्पहि सोसेनासे झाले, अशी त्यांची तक्रार राहिली.

ह्याच काळांत, १९८७ सालीं, येल विद्यापीठांतील डॉ. मार्क कलेन यांनीं ह्या दुखण्याला तें आजचें नांव दिलें. कलेन हे कामगारांच्या रोगांचे तज्ज्ञ होते. त्यांनीं निदानासाठीं सात अटी घातल्या. दुखण्याचा आरंभ दाखवितां येण्याजोग्या एखाद्या संपर्कापासून झालेला असावा. लक्षणें एकाहून अधिक इंद्रियसंस्थांत असावीं. ठराविक कारणानें तीं उठावीं व कारण दूर होतांच शमावीं. एकमेकांशीं नातें नसलेल्या अनेक द्रव्यांनीं तीं उठावीं. तो संपर्क दाखवून देतां यावा. त्याचें प्रमाण मात्र अपायकारक समजल्या जाणाऱ्या मर्यादेच्या पुष्कळ खालीं असावें. आणि सातवी अट अशी कीं, प्रचारांतील कोणत्याहि एका तपासणीनें त्या लक्षणांचा उलगडा होऊं नये. ही शेवटची अट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. इतर रोगांत तपासणी बोलूं लागली म्हणजे निदान होतें. येथें तपासणी मौन धरते तेव्हां निदान होतें. पुढें १९९९ सालीं ३४ डॉक्टरांनीं व संशोधकांनीं मिळून ह्या अटी थोड्या सुटसुटीत केल्या. पण रक्ताची किंवा लघवीची निर्णायक कसोटी त्यांच्याहि हातीं नव्हती आणि ती अद्यापहि कोणाच्या हातीं नाहीं.

कसोटी नाहीं तर मग परीक्षा तरी घेऊं, असें संशोधकांनीं ठरविलें. परिसर-वैद्यकाच्या डॉक्टरांमध्यें एक पद्धत रूढ होती. संशयित पदार्थाचा अर्क टोंचून लक्षण उठवावयाचें आणि त्याच अर्काच्या वेगळ्या प्रमाणानें तें शमवावयाचें. १९९० सालीं डॉ. जुएट आणि त्यांचे सहकारी यांनीं १८ रोग्यांवर ही पद्धत पारखून पाहिली. कोणत्या टोंचणींत अर्क आहे व कोणत्या टोंचणींत तो मुळींच नाहीं, हें रोग्याला ठाऊक नाहीं आणि टोंचणाऱ्यालाहि ठाऊक नाहीं, अशी व्यवस्था केली. अर्काच्या टोंचण्यांपैकीं शेंकडा २७ वेळां लक्षणें उठलीं. बिनअर्काच्या टोंचण्यांपैकीं शेंकडा २४ वेळां उठलीं. १९९३ सालीं डॉ. स्टाउडेनमायर व त्यांचे सहकारी यांनीं २० रोग्यांना बंदिस्त खोलींत बसवून, कधीं रसायनयुक्त तर कधीं निव्वळ स्वच्छ हवा सोडून पाहिली. दर्प ओळखूं येऊं नये म्हणून त्यावर दुसरा वास चढविला होता. रोग्यांचीं उत्तरें एकंदर शंभरांत सुमारें ५२ वेळां बरोबर आलीं; नाणें उडवून कौल घेतला असता तर तो ह्याहून फारसा वेगळा आला नसता. २००६ सालीं लंडनच्या संशोधकांनीं असे ३७ अभ्यास व त्यांतील ७८४ रोगी एकत्र विचारांत घेतले. त्यांतून असें दिसलें कीं, रोग्यांना त्रास होतो हें खरें. परंतु खरी हवा कोणती व खोटी कोणती हें वासावरून कळण्याजोगें असेल, तेव्हांच तो प्रामुख्यानें होतो.

ह्या परीक्षांवर आक्षेपहि आले, आणि ते सर्वच टाकाऊ नव्हते. वास झांकण्यासाठीं वापरलेला दुसरा वास हाहि एक रासायनिक पदार्थच नव्हे काय? ज्या रोग्याला स्वच्छ जागेंत कांहीं दिवस ठेवून त्याचा सराव मोडलेला नाहीं, त्याची परीक्षा कितपत विश्वसनीय? डॉ. क्लॉडिया मिलर यांनीं हा मुद्दा विशेष लावून धरला. त्यांच्या मतें हा रोग दोन पायऱ्यांनीं जडतो. प्रथम एखाद्या मोठ्या किंवा दीर्घ संपर्कानें शरीराची सोसण्याची शक्ति ढळते. त्यानंतर अत्यल्प द्रव्येंहि लक्षणें उठवूं लागतात. १९९९ सालीं त्यांनीं ५० प्रश्नांची एक प्रश्नावली सिद्ध केली. ती आजहि अनेक देशांत रोगी निवडण्यासाठीं वापरतात.

तथापि कृत्रिम गुलाबाचें कोडें सोडविण्याच्या दृष्टीनें अधिक उद्बोधक प्रयोग बेल्जममधील लूव्हेन येथें झाले. डॉ. ओमर व्हान डेन बर्ग आणि त्यांचे सहकारी यांनीं लोकांना कार्बन डायऑक्साइडचें प्रमाण वाढविलेली हवा हुंगावयास दिली. तिनें धांप लागते, छाती धडधडते. ती हवा देतांना तिच्याबरोबर एक विशिष्ट वास सोडला. असें कांहीं वेळां केल्यानंतर नुसता तो वास सोडला तरी धांप लागल्यासारखें होऊं लागलें. पुढें त्या वासाशीं साम्य असलेल्या दुसऱ्या वासांनींहि तेंच घडूं लागलें. फिलाडेल्फिया येथें डॉ. पामेला डाल्टन यांनीं एकच वास निरनिराळ्या लोकांना दिला; कांहींना सांगितलें, हा हितकर आहे; कांहींना सांगितलें, हा अपायकारक आहे. दुसऱ्या गटानें कितीतरी अधिक तक्रारी केल्या. दुधानें तोंड पोळलें म्हणजे माणूस ताकहि फुंकून पितो, असें आपल्याकडे म्हणतात. येथें फुंकर घालतें तें शरीरच, आणि तें मनाला न विचारतां घालतें. प्रथम दूध खरोखरच कढत होतें काय, हा प्रश्न वेगळा आणि आज ताक थंड आहे काय, हा प्रश्न वेगळा. दोहोंचें उत्तर 'होय' असूं शकतें. घट्ट बंद कचेरींत ज्याला खरोखरच विषारी वायूनें घेरलें, त्याच्या शरीरानें ती आठवण धरून ठेवली तर त्यांत त्याचा अपराध कोणता?

परंतु दोन्ही पक्षांना हा मधला मार्ग मानवला नाहीं. १९८९ सालीं अमेरिकेंतील वैद्यांच्या एका मोठ्या महाविद्यालयानें आणि १९९२ सालीं तेथील वैद्यकीय महासभेनें परिसर-वैद्यकाला पुरावा नाहीं, असा निर्वाळा दिला. निर्वाळा पुराव्याविषयीं होता. तो अनेक दवाखान्यांत रोग्याच्या प्रामाणिकपणाविषयीं म्हणून वापरला गेला. १९९६ सालीं बर्लिन येथें भरलेल्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेनें 'रसायन' हा शब्दच नांवांतून गाळून अज्ञात कारणांची परिसर-असहिष्णुता असें नवें नांव सुचविलें. रोग्यांच्या संघटनांना तो आपला अपमान वाटला. देशादेशांतहि एकवाक्यता नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचींत ह्या नांवाची स्वतंत्र नोंद नाहीं. जपानमध्यें मात्र २००९ सालीं वैद्यकीय व्यवहाराच्या रोगनामांत तिला स्थान मिळालें. त्याच जपाननें २००३ सालीं कायदा करून घरबांधणींतील फॉर्माल्डिहाइडवर निर्बंध घातले, हें त्याहून महत्त्वाचें. २०२१ सालीं कॅनडांतील क्वेबेक प्रांताच्या आरोग्यसंस्थेनें चार हजारांहून अधिक लेख चाळून, ह्या विकाराचें मूळ दीर्घकालीन चिंतेशीं निगडित आहे असें मत दिलें. रोग्यांचे क्लेश खरे आहेत हेंहि त्याच अहवालानें सांगितलें. त्या प्रांतांतील रोग्यांच्या कैवाऱ्यांना तें मत मान्य झालें नाहीं.

उपचारांचा इतिहास तर ह्याहून करुण आहे. निश्चित औषध नसलें म्हणजे अनिश्चित औषधांचा बाजार भरतो. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत ९१७ रोग्यांना त्यांनीं केलेल्या उपचारांविषयीं विचारलें. यादींत १०१ निरनिराळे उपचार होते! त्यांत गोळ्या होत्या, जीवनसत्त्वें होतीं, घाम काढण्याचे प्रकार होते, टोंचण्या होत्या. रोग्यांनीं सर्वांत हितकर म्हणून तीन गोष्टी निवडल्या: रसायनांपासून मुक्त अशी राहण्याची जागा, रसायनें टाळणें, आणि प्रार्थना. हें मत रोग्यांचें आहे, प्रयोगाचा निष्कर्ष नव्हे, हें खरें. तरीहि शंभर उपचारांच्या गर्दींतून माणसांनीं निवारा, पथ्य आणि धीर ह्या तीनच गोष्टी उचलाव्या, हें अर्थपूर्ण आहे. कांहींनीं तर गांव सोडून वैराण प्रदेशांत वसाहत केली. अमेरिकेंतील ॲरिझोना प्रांतांत स्नोफ्लेक नांवाचें गांव आहे. त्याच्या परिसरांत असे रोगी १९८० नंतर येऊन राहूं लागले. तेथें घरांच्या बांधणींत रंग व गोंद शक्य तितके टाळतात, आणि सुगंधी वस्तु जवळ बाळगून येणाऱ्या पाहुण्याला मज्जाव असतो.

टाळण्याच्या ह्या उपायाला एक मर्यादा आहे. आज एक वास टाळला, उद्यां दुसरा टाळला, असें करतां करतां माणसांचाच सहवास टळतो. आणि जितकें टाळावें तितकी भीति वाढते. म्हणून अलीकडे कांहीं ठिकाणीं मनाला शांतपणें लक्षणांकडे पाहावयास शिकविण्याचे प्रयोग झाले. २०१५ सालीं डेन्मार्कमधील ६९ रोग्यांच्या अभ्यासांत असें आढळलें कीं, अशा शिक्षणानें मूळ असहिष्णुता हटली नाहीं. परंतु आपल्या दुखण्याकडे पाहण्याची रोग्यांची दृष्टि सुधारली. यश थोडें आहे. पण तें प्रामाणिकपणें सांगितलेलें आहे. उलट अंगीं, सुगंध टाळण्याची मागणी म्हणजे निव्वळ चोचले, असेंहि समजूं नये. २००९ सालीं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानें आपल्या कचेऱ्यांतून सुगंधी वस्तु वापरण्यास मनाई केली. दम्याच्या आणि अर्धशिशीच्या रोग्यांनाहि त्याचा लाभच होतो.

मग आज एखादा रोगी अशी तक्रार घेऊन आला तर सुज्ञ डॉक्टरनें करावें तरी काय? इटलींतील बर्नार्दिनो रामाझिनी ह्या वैद्यानें १७०० सालीं कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला जे प्रश्न विचारण्याची वैद्यांची जुनी परंपरा आहे, त्यांत 'तुझा धंदा कोणता?' ह्या एका प्रश्नाची भर घाला, असें त्यानें सांगितलें. तीनशें वर्षांनंतरहि ह्या रोगाचें निदान त्याच प्रश्नापासून सुरू होतें. दुखणें कोणत्या दिवशीं वाढतें, रविवारीं कीं सोमवारीं? घराला रंग केव्हां दिला? कचेरी केव्हां बदलली? खिडकी उघडते काय? चुलीचा धूर कोठें जातो? ह्या प्रश्नांतून कधीं दमा सांपडतो, कधीं त्वचेची खरी ॲलर्जी सांपडते, कधीं अर्धशिशी, कधीं कंठग्रंथीचा विकार, कधीं बंद खोलींतील विषारी वायु. हे सर्व आधीं धुंडाळले पाहिजेत, कारण त्यांना उपाय आहे. त्यांपैकीं कांहींच न सांपडलें, तरी हकीकत ऐकण्याचें काम संपत नाहीं. तेथूनच खरें तर तें सुरू होतें. जागा सुधारतां येत असेल तर ती सुधारावी. खोटी आशा विकूं नये. रोग्याच्या भीतीची थट्टा करूं नये आणि ती जोपासूंहि नये. त्याचें जग जेवढें उरलें आहे तेवढें राखून तें बोट बोट वाढविण्यास त्याला साह्य करावें.

२०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणींत शंभरांतील सुमारें २६ जणांनीं आपल्याला रासायनिक द्रव्यें सोसत नाहींत असें सांगितलें, आणि सुमारें १३ जणांनीं डॉक्टरनेंहि तसें निदान केल्याचें सांगितलें. हे आंकडे लोकांच्या सांगण्यावरून घेतलेले आहेत, हें लक्षांत ठेवूनहि ते लहान म्हणतां येणार नाहींत. आपल्याकडे ऐन दिवाळींत रंगाच्या वासानें अंथरूण धरणारी एखादी सासुरवाशीण किंवा उदबत्तीच्या धुरानें देवघराबाहेर उभे राहणारे एखादे आजोबा पुष्कळांच्या पाहण्यांत असतील. त्यांना हाच रोग आहे असें म्हणण्याचें कारण नाहीं. दमाहि असूं शकेल, साधी चुणचुणहि असेल. पण त्यांच्या सांगण्यावर 'उगीच कांहीं तरी' असा शेरा मारण्यापूर्वीं क्षणभर थांबावें आणि खिडकी उघडावी. ब्लॅकली यांच्या कांचपट्टीवर खरा पराग होता आणि मॅकेन्झी यांच्या हातांत खोटा गुलाब होता. ह्या दोहोंपैकीं आपल्यापुढें कोणता आहे, हें ठरण्यास पुष्कळ वेळ लागतो. शिंक मात्र तोंपर्यंत थांबत नसते.